एक इंटरफेस, अनेक पत्ते

संगणकाच्या जाळ्यातील प्रत्येक यंत्राला एकच आयपी पत्ता असतो, अशी सर्वसाधारण समजूत आहे. प्रत्यक्षात पत्ता यंत्राला नव्हे, तर त्याच्या नेटवर्क इंटरफेसला दिला जातो आणि युनिक्स प्रणालीत एकाच इंटरफेसला अनेक पत्ते देता येतात. या पद्धतीस 'आयपी एलियासिंग' म्हणतात.

वेब होस्टिंगमध्ये ही पद्धत विशेष उपयोगी पडली. 'एचटीटीपी १.१' चे प्रमाणक १९९७ साली प्रसिद्ध झाले. तोपर्यंत ब्राउझरने संकेतस्थळाचे नाव सर्व्हरला कळविणे बंधनकारक नव्हते. त्यामुळे एकाच सर्व्हरवरील प्रत्येक संकेतस्थळासाठी स्वतंत्र पत्ता ठेवावा लागे.

फ्रीबीएसडीमध्ये 'आयएफकॉन्फिग' या आज्ञेला 'एलियास' हा शब्द जोडून जादा पत्ता देतात. लिनक्सवर पूर्वी 'ईटीएच०:१' अशी उपनावे वापरीत. आता 'आयपी' ही आज्ञा रूढ आहे. आज्ञेने दिलेला पत्ता यंत्र पुन्हा सुरू केल्यावर टिकत नाही. त्याची नोंद संरचनेच्या फाइलमध्ये करावी लागते.

लिनक्सवर प्राथमिक पत्ता काढताना सावधगिरी हवी. 'प्रमोट सेकंडरीज' ही सोय सुरू नसेल, तर त्याच उपजाळ्यातील दुय्यम पत्तेही नाहीसे होतात आणि दूरवरून काम करणाऱ्या व्यवस्थापकाचा संपर्कच तुटू शकतो.

मुख्य सर्व्हर बंद पडल्यास त्याचा पत्ता राखीव सर्व्हरकडे सोपविता येतो, हा या पद्धतीचा मोठा लाभ. मात्र तोच पत्ता एकाच वेळी दोन यंत्रांवर राहिल्यास सेवा विस्कळित होते. म्हणून जुन्या यंत्राने पत्ता सोडल्याची खात्री आधी करून घ्यावी.