ओरांगउटान : रानातला माणूस

मलय भाषेत 'ओरांग' म्हणजे माणूस आणि 'हुतान' म्हणजे रान. बोर्निओ आणि सुमात्राच्या वर्षावनांत बहुतेक आयुष्य झाडांवरच काढणाऱ्या तांबूस केसांच्या कपीचं हे नाव. डच वैद्य याकोबुस बोंटियुस यांनी १७व्या शतकात ते युरोपीय ग्रंथात आणलं. आपला 'वनमानुष' अगदी याच घडणीचा. मला तर हा शब्द विज्ञानाच्याही आधी पोचलेला वाटतो : पुढे जनुकं ताडून पाहिली, तेव्हा त्याचं-आपलं साम्य सुमारे ९७ टक्के निघालं. आई पिल्लाला सहा-सात वर्षं जवळ ठेवते. रोज सांजेला फांद्या वाकवून नवं अंथरूण करते. २०१७मध्ये सुमात्रातल्या तापानुली ओरांगउटानची वेगळी प्रजाती म्हणून ओळख पटली. या प्रजातीची रानातली माणसं आता ८००हूनही कमी उरली आहेत.