कळंगुटची रापण

कळंगुटच्या वाळूत आज खुर्च्या-छत्र्यांची दाटी असते. पण मूळचं हे रापणकारांचं गाव. रापण म्हणजे लांबच लांब जाळं. होडीतून ते समुद्रात अर्धगोल टाकायचं, मग सगळ्यांनी मिळून किनाऱ्यावरून दोन्ही टोकं ओढायची आणि मासळीचे वाटे करायचे. १९६१ च्या डिसेंबरात गोवा मुक्त झाला. पुढं हिप्पी आले, हॉटेलं आली. यांत्रिक ट्रॉलर तर किनाऱ्यालगतची मासळीच उपसू लागले. सत्तरच्या दशकात रापणकार रस्त्यावर उतरले, तेव्हा कुठं १९८० चा मासेमारी नियमन कायदा झाला.

आपल्या घरांत मासळी येत नाही, खरंय. पण मैत्रिणींनो, पाटी घेऊन ती विकायची बाईच, आणि पैसाही तिच्याच हाती यायचा. आता खोल्यांचं भाडं कुणाच्या हाती जातं, तिथं गेलात तर जरूर विचारा.