आजोबा, काम काय केलंत?

आमच्या कोल्हापुरात म्हाताऱ्या माणसाला धाप लागली की "दमा हाय" म्हणायचं, विषय संपला. आमच्या आजोबांचंही तेच झालं. शेवटी एका डॉक्टरांनी विचारलं, "आजोबा, आयुष्यभर काम काय केलंत?" उद्यमनगरात, फाउंड्रीत, वाळूचे साचे! सिलिकाच्या धुळीनं फुप्फुसात व्रण धरले होते. फायब्रोसिस.

गंमत म्हणजे हा प्रश्न इटलीच्या रामाझिनीनं १७०० सालीच डॉक्टरांना शिकवला होता. साखर कारखान्यातलं बुरशी आलेलं चिपाड, कबुतरांची विष्ठा, यांनीही फुप्फुस असंच घट्ट होतं. २०१७ साली भारतातल्या १०८४ रुग्णांची नोंद छापून आली. त्यात जवळपास निम्म्यांचा आजार अशाच श्वासातून आलेल्या गोष्टींच्या ॲलर्जीचा होता, कूलरसुद्धा संशयित!

कारण कळलं तर ते टाळता येतं, अशा ॲलर्जीत स्टेरॉइडही कामी येतं. कारणच सापडत नाही त्या प्रकारात मात्र वर्षानुवर्षं दिलेली स्टेरॉइड-ॲझाथायोप्रिनची जोडी उलट घातक, हे २०१२ साली सिद्ध झालं. तिथे पिर्फेनिडोन (जपान, २००८) आणि निंटेडॅनिब (अमेरिका, २०१४) आजाराचा वेग कमी करतात. झालेला व्रण मात्र पुसत नाहीत.

म्हणून उशीर नको. घरात कोणी महिनोन्‌महिने कोरडं खोकत असेल तर डॉक्टरांना त्यांचा जुना धंदा आवर्जून सांगा. आम्ही दहा वर्षं सांगितलाच नाही. असो.