नाचऱ्या चित्राचा खरेपणा

संगणकाच्या पडद्यावरील एखाद्या चित्रावर टिचकी मारावी आणि ते जागच्या जागी उड्या मारू लागावे, हे दृश्य आपल्या इतके अंगवळणी पडले आहे की त्यालाही इतिहास असेल, असे सहसा मनात येत नाही. आमच्या मते हा इतिहास खुणेच्या खरेपणाचा आहे, म्हणून साहित्याच्या अभ्यासकांनीही तो पाहावा.

१९८४ साली मॅकिंटॉश आला, तेव्हा सुझन केअर यांनी रेखाटलेले मनगटी घड्याळ 'थांबा' एवढेच सांगत असे. १९८५ साली ब्रॅड मायर्स यांनी काम किती टक्के झाले ते दाखवणाऱ्या पट्टीचा अभ्यास प्रसिद्ध केला. वाट पाहणाऱ्यांना ती पट्टी हवीशी वाटते, असे त्यात दिसले. मार्च २००१ मध्ये मॅक ओएस टेन बाजारात आली आणि तळाच्या डॉकमधली चित्रे उडू लागली. लिनक्सवरील केडीईमध्ये तर चित्र माऊसच्या बाणालाच बिलगून नाचू लागले.

गोम अशी की, हा नाच सुरू करणारा एक आणि संपवणारा दुसरा. लिनक्सवरील संकेतानुसार सुरू करणारी प्रणाली नव्या प्रोग्रॅमच्या हाती एक ओळखखूण देते. खिडकी उघडताच त्याने ती परत करून 'मी आलो' असे कळवायचे असते. प्रोग्रॅमला हा संकेतच ठाऊक नसेल, किंवा मधल्या एखाद्या स्क्रिप्टमध्ये ती खूण हरवली, तर खिडकी समोर उघडलेली असूनही नाच चालूच राहतो. अखेर ठरलेली मुदत संपल्यावर तो थांबतो. दोष शोधणारा पहिला संशय चित्रावर घेतो आणि प्रोग्रॅमच्या नोंदीतील एक ओळ बदलून नाचच बंद करतो. लक्षण जाते, दुखणे राहते.

याच्या उलटही घडते. जीटीके या साधनसंचात पहिली खिडकी दिसताच निरोप आपोआप जातो. ती खिडकी केवळ स्वागताची असेल, तर मुख्य काम सुरू होण्याआधीच नाच थांबतो. म्हणून हा आपोआप जाणारा निरोप रोखण्याची स्वतंत्र सोय तेथे करावी लागली.

येथे प्रश्न तंत्राच्या पलीकडे जातो. 'उघडले' म्हणजे नेमके काय? खिडकी दिसली ते, की तिच्यात लिहिता येऊ लागले ते? याचे उत्तर यंत्र देत नाही. ते प्रोग्रॅम लिहिणाऱ्याने ठरवायचे असते. त्याने ते ठरवले नाही, तर खूण आणि अर्थ यांची फारकत होते आणि समोर बसलेला माणूस नाचणाऱ्या चित्रावर विश्वास ठेवून उगीच थांबून राहतो.