दुपारचा हक्क

होळी झाली की अकोल्याच्या घरात आजीचा उन्हाळा सुरू व्हायचा. पळसाची वाळवलेली फुलं रात्रभर पाण्यात भिजत घालायची आणि सकाळी त्या केशरी पाण्यानं आम्हा पोरांना अंघोळ. खिडक्यांना वाळ्याचे पडदे, त्यांवर सतत पाण्याचे हबके. निखाऱ्यात भाजलेल्या कैरीचं पन्हं, त्यात गूळ, जिरं आणि मीठ. अकरा वाजले की अंगणाचं दार लागायचं. त्यानंतर कुणी बाहेर निघालंच तर ती दारात अडवायची, ‘डोक्शाले दुपट्टा बांधून जाजो रे बाप्पा, अन् खिशात कांदा ठेव.’ मे सरत आला की नवतपा. सूर्य रोहिणीत शिरल्यापासूनचे ते नऊ दिवस दुपारी उंबरा ओलांडायचा नाही, हा नियम तिला तिच्या सासूनं घालून दिलेला.

खिशातल्या कांद्यानं ऊन अडत नाही. पण बाकीच्या रीती मला फार शहाण्या वाटतात. वऱ्हाडातली हवा कोरडी, त्यामुळे वाळ्यावरचं पाणी झपाट्यानं उडतं आणि खोली निवते; कोकणच्या दमट हवेत हाच पडदा निम्मंही काम करणार नाही. पन्ह्याचं तर शास्त्रच आहे. मीठ आणि साखर एकत्र पोटात गेली की आतडं पाणी भराभर शोषून घेतं. १९७१ साली बांगलादेशातून आलेल्या निर्वासितांच्या बनगावच्या छावणीत डॉ. दिलीप महालनबीस यांनी कॉलराच्या रोग्यांना मीठ-साखरेचं असंच पाणी पाजलं आणि असंख्य माणसं मरणाच्या दारातून परत आणली. आजीला हे नाव ठाऊक नव्हतं. प्रमाण मात्र तिच्या हाताला पक्कं ठाऊक होतं.

तरी त्या घरातलं खरं औषध म्हणजे ते लागलेलं दार. अकरा ते चार या वेळात कुणी कुणाकडून काही मागायचं नाही. आमच्या शेतावरचा गडी त्या वेळी कुठे असायचा, हे आजीच्या गोष्टींत कधी आलं नाही.

ते मला आईच्या आईनं सांगितलं. ती बीडकडची. १९७२चा पाऊस गेला आणि पुढचा उन्हाळा तिनं दुष्काळी कामावर खडी फोडत काढला. १९७३च्या मे महिन्यात महाराष्ट्रभर अशा कामांवर पन्नास लाखांच्या आसपास माणसं होती. पाझर तलाव, नालाबंडिंग, रस्ते, खडी. जेवायला परदेशातून आलेली तांबडी मिलो, पोरांसाठी सुकडी. मजुरी मोजमापावर. ढीग भरला तर पैसे, नाही भरला तर तेवढे कमी. सावलीला बसलेला वेळ ज्याचा त्याच्या पदरचा. मी एकदा विचारलं, एवढ्या उन्हात बसायचात कशा? ती म्हणाली, ‘ऊन न्हाई मारत लेका, माप मारतंय.’

तिच्या टोळीत एक बाई होती, पिणारं लेकरू असलेली. एका दुपारी हातोडा टाकून ती असंबद्ध बडबडू लागली. अंग तव्यासारखं तापलेलं. बायकांना वाटलं, बाहेरचं काही लागलं. बाभळीखाली निजवून तळपायाला कांदा चोळला, तोंडात पाणी ओतलं ते ओघळून गेलं. दिवस मावळायच्या आत ती गेली. लोक म्हणाले, दुष्काळानं नेली. आज कुणीही डॉक्टर हे वर्णन ऐकून उष्माघात ओळखेल. शरीराचं तापमान ४०च्या पुढे गेलं की आधी मेंदू भांबावतो. अशा वेळी बेशुद्धाच्या तोंडात काही घालायचं नसतं. भरपूर पाण्यानं अंग भिजवायचं, वारा घालायचा, बर्फ मिळाला तर काखेत आणि जांघेत ठेवायचा, आणि हे सगळं दवाखान्याची वाट न बघता. खडीच्या कामावर पाण्याचा टँकर उभा होता, असं आजी सांगे. तेच पाणी त्या बाईच्या अंगावर ओतलं असतं तर, हा विचार मला अजून सोडत नाही.

उन्हानं गेलेलं माणूस कागदावर उन्हानं जात नाही. अहमदाबादेत मे २०१०मध्ये पारा ४६.८ अंशांवर गेला. नंतर संशोधकांनी त्या महिन्यातल्या सगळ्या मृत्यूंची आधीच्या आणि नंतरच्या वर्षांच्या मे महिन्यांशी तुलना केली, तेव्हा एका शहरात १,३४४ मृत्यू जास्तीचे निघाले. उष्माघात म्हणून नोंदलेले त्यातले थोडेच. त्या मोजणीतून २०१३ साली तिथल्या महापालिकेनं दक्षिण आशियातला पहिला उष्णता कृती आराखडा आणला: आगाऊ इशारे, पाणपोया, दवाखान्यांत बर्फाची सोय, दुपारी उघड्या ठेवलेल्या बागा, आणि पुढे पत्र्याच्या छपरांना पांढरा रंग. एका सार्वजनिक रुग्णालयात नवजात बाळं गच्चीखालच्या वरच्या मजल्यावर तापत होती; वॉर्ड खालच्या मजल्यावर आणला. इतकी साधी गोष्ट. २०१६ साली नागपूरनं असाच आराखडा स्वीकारला.

हे सगळं हवंच होतं. पण उन्हाळ्यात फोनवर येणारा संदेश मी वाचतो, ‘दुपारी १२ ते ३ घराबाहेर पडू नका,’ तेव्हा तो अकोल्याच्या आजीच्या आवाजात ऐकू येतो, आणि पोचलेला असतो बीडच्या आजीकडे. भाजीची गाडी ओढणारा, स्लॅब भरणारी, पार्सल पोचवणारा मुलगा, यांना ऊन वाईट हे सांगावं लागत नाही. त्यांच्याकडे लावायला दार नसतं.

दुष्काळानं आपल्याला एक फार मोठी गोष्ट दिली. वि. स. पागे यांच्या कल्पनेतल्या रोजगार हमीचा १९७७ साली कायदा झाला, आणि काम मागणं हा हक्क ठरला. २००५च्या केंद्राच्या कायद्यात कामावर पाणी, सावली आणि प्रथमोपचार पेटीही लिहिली गेली. माप मात्र राहिलं. आता उन्हाळे पूर्वीपेक्षा कडक होत आहेत, सिमेंटच्या वस्त्यांत रात्रीसुद्धा अंग निवत नाही, म्हणून या मापाला हात घालण्याची वेळ आली आहे असं मला मनापासून वाटतं.

तसे प्रयत्न झालेतही. मे २०२४च्या अखेरीस पारा पंचेचाळीसच्या वर गेला तेव्हा अकोल्याच्या जिल्हाधिकाऱ्यांनी उन्हासाठी १४४ कलम लावलं. कामगारांना पाणी आणि पंखे द्या, भर उन्हात शिकवणीचे वर्ग भरवू नका, असा हुकूम. जमावबंदीचं कलम उन्हावर लागलेलं आजीनं पाहिलं असतं तर दार लावणं ही आता सरकारची जबाबदारी झाली म्हणून ती खूश झाली असती. इला भट्ट यांनी १९७२ सालीच उभारलेल्या ‘सेवा’ या संघटनेनं गुजरात, राजस्थान आणि महाराष्ट्रातल्या सुमारे ५० हजार कष्टकरी बायकांसाठी उष्णतेचा विमा काढला, त्याच २०२४च्या उन्हाळ्यात उष्णतेनं ठरलेली पातळी ओलांडली तेव्हा ४०० रुपये थेट खात्यात आले. बुडालेल्या रोजाची ही पूर्ण भरपाई नाही, पण घरी थांबण्याला किंमत असते हे त्यात मान्य झालं.

सगळ्यात नेमका उपाय मला आंध्र प्रदेश आणि तेलंगणात सापडला. तिथे रोजगार हमीच्या मजुरांना अनेक वर्षं उन्हाळी सवलत मिळत होती. एप्रिल-मेमध्ये कामाचं माप ३० टक्क्यांनी कमी, मजुरी पूर्ण. बीडच्या आजीच्या हिशेबात सांगायचं तर दहा टोपल्यांऐवजी सात भरायच्या आणि पैसे दहांचे घ्यायचे. महाराष्ट्राच्या रोजगार हमीत, बांधकामावर, वीटभट्टीवर, जिथे जिथे माप आहे तिथे हे लिहून द्यायला काय हरकत आहे?