ओघळासकट ओरिजिनल

जुनी गाडी विकायला काढली की आरटीओचं काम करणारा एजंट बोनेट उघडतो, चासी नंबरवर पातळ कागद धरतो आणि वरून पेन्सिल घासतो. काळ्यातून आकडे वर येतात. आरसी बुकातला नंबर आणि लोखंडातला नंबर एकच आहे ना, एवढंच त्याला बघायचं असतं. पाच मिनिटांचं काम. अमेरिकेत मात्र याच पडताळणीवर एक अख्खा पंथ उभा राहिला आहे. साठ-सत्तरच्या दशकातली मसल कार, म्हणजे मधल्या आकाराची पण दांडग्या इंजिनाची गाडी, कारखान्याच्या दारातून जशी बाहेर पडली, तशीच्या तशी पुन्हा उभी करायची, हा त्यांचा धर्म; आणि ‘मॅचिंग नंबर्स’, म्हणजे गाडीचा आणि इंजिनाचा नंबर जुळणं, हा कुळाचार.

या कुळाचा मूळपुरुष, जीटीओ, मात्र पळवाटेतून जन्मला. जनरल मोटर्सचा दंडक होता, की मधल्या आकाराच्या गाडीत ३३० घन इंचांहून मोठं इंजिन घालायचं नाही. पाँटिअ‍ॅक या जनरल मोटर्सच्याच विभागाचे मुख्य अभियंता जॉन डिलोरियन आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी १९६४ च्या टेम्पेस्ट लेमान्समध्ये ३८९ घन इंचांचं, म्हणजे जवळपास ६.४ लिटरचं व्ही-८ बसवलं. वेगळी गाडी म्हणून दाखवली असती तर वरिष्ठांनी अडवलं असतं. म्हणून ते ‘ऑप्शन’ म्हणून यादीत घातलं. सुमारे २९६ डॉलर जादा मोजा आणि घेऊन जा. ‘जीटीओ’ हे नावही फेरारीचं उचललेलं. पाच हजार गाड्या खपतील असा अंदाज होता; पहिल्याच वर्षी ३२,४५० खपल्या.

पुढच्या सगळ्या भानगडीचं बीज इथंच पडलं. जीटीओ हे ऑप्शन असल्यामुळे १९६४ आणि १९६५ मध्ये गाडीच्या चासी नंबरावरून ती जीटीओ आहे की साधी लेमान्स, हे कळतच नाही. जनरल मोटर्सच्या बाकी विभागांनीही हाच कित्ता गिरवला. शेवरलेची १९७० ची शेव्हेल एसएस घ्या. ४५४ घन इंच, ४५० अश्वशक्ती; पण नंबरात त्याचा मागमूस नाही. सांगाडा तोच, पत्रा तोच, फरक फक्त आत काय भरलंय याचा. अशा घराण्यात तोतये निपजणार, हे ठरलेलंच.

तेव्हा मात्र कुणाला त्याची फिकीर नव्हती. १९७० मध्ये स्वच्छ हवेचा कायदा आला, विमा कंपन्यांनी तरुण चालकांचे हप्ते भरमसाट वाढवले, १९७१ मध्ये इंजिनांचं कॉम्प्रेशन उतरलं आणि १९७३ च्या तेलटंचाईनं उरलीसुरली हौस फेडली. घटाघटा पेट्रोल पिणाऱ्या या गाड्या सेकंडहँड बाजारात मातीमोल झाल्या. पोरांनी त्या घेतल्या आणि पिदडल्या. इंजिन बसलं की भंगारातून दुसरं आणायचं. कंपनीची चाकं काढून रुंद चाकं चढवायची. एअर फिल्टरचा डबा कोपऱ्यात फेकायचा. पुढे तोच डबा शोधत लोक गावोगावचे भंगारबाजार पालथे घालतील, हे फेकणाऱ्याच्या स्वप्नातही नव्हतं.

कंपनी फिटिंगचा सोवळेपणा पहिल्यांदा रुजला तो शेवरलेची कॉर्व्हेट ही स्पोर्ट्स कार बाळगणाऱ्यांत. १९७३ मध्ये इलिनॉयमधल्या ब्लूमिंग्टनला त्यांचा मेळा भरला. १९७४ मध्ये नॅशनल कॉर्व्हेट रिस्टोरर्स सोसायटी स्थापन झाली. तोवर प्रदर्शनात बक्षीस मिळे ते जास्त चकाकणाऱ्या गाडीला. या सोसायटीनं मापच बदललं. गाडी किती सुंदर आहे हे विचारायचं नाही, कारखान्यातून निघाली तेव्हा कशी होती ते विचारायचं. परीक्षा साडेचार हजार गुणांची, आणि वरच्या वर्गात जायला शेकडा ९४ लागतात. पुढे मसल कार पिदडणारी ती पोरं चाळिशीला आली, हातात पैसा आला, विशीतली गाडी पुन्हा दारात असावीशी वाटली, भाव चढले आणि हा आचार मसल कारच्या घरात आला.

आता नंबराकडे येऊ. १९६८ च्या मॉडेलांपासून जनरल मोटर्सनं गाडीच्या चासी नंबराचा शेवटचा भाग इंजिनावर आणि गिअरबॉक्सवरही सरसकट ठोकायला सुरुवात केली. उद्देश साधा, चोरीला आळा घालायचा. आज त्याच ठशाला खानदानाचा शिक्का समजतात, आणि शिक्का म्हटला की खोटा शिक्का आलाच. दुसऱ्या ब्लॉकवरचे आकडे घासून हवे ते आकडे पंच करणारे लोक निघाले. त्यांना पकडायची खूण मोठी गमतीची आहे. शेवरलेच्या व्ही-८ ब्लॉकवर पुढच्या बाजूला बोटभर रुंदीची सपाट पट्टी असते. ब्लॉकचा माथा यंत्रानं कापताना तिच्यावर केसाएवढ्या बारीक, समांतर रेघा उमटतात. आकडे घासले की रेघाही जातात. म्हणून परीक्षक तिरपी बॅटरी धरून आधी रेघा बघतो, आकडे मागाहून.

ओतीव भागांवर तारखाही असतात. ‘सी-१२-९’ म्हणजे तिसरा महिना, १२ तारीख, वर्ष ६९. गाडी एप्रिलमध्ये जुळली असेल तर हे चालतं. फेब्रुवारीत जुळली असेल, तर पार्ट परका. मार्चमध्ये ओतलेला तुकडा फेब्रुवारीतल्या गाडीत कुठून येणार?

सगळ्यात मोलाची जन्मपत्रिका म्हणजे बिल्ड शीट. गाडीत काय काय बसवायचं, याची ही कामगारांसाठी छापलेली कोड-यादी. काम झालं की ती सीटच्या स्प्रिंगांत खोचली जाई, नाहीतर पेट्रोलच्या टाकीवर राहून जाई. गिऱ्हाइकानं ती बघावी असा हेतूच नव्हता. पन्नास वर्षांनी सीट उसवली की उंदरांनी कुरतडलेला तो पिवळा कागद निघतो आणि घरात दिवाळी होते.

कागदपत्रं झाली, की कामाला हात लागतो आणि खरी उलटापालट सुरू होते. आपल्याकडे जीर्णोद्धार म्हटलं की देवळाच्या दगडाला ऑइलपेंट लागतो. अमेरिकेतही पहिल्या पिढीनं तेच केलं. लांबी भरून आरशासारखा रंग, तळसुद्धा चकचकीत. नव्या आचारात हा दोष ठरतो. असेंब्ली लाइनवर कामगाराला वेळ कुठं होता? तळाला प्रायमर, त्यावर कडेनं आत आलेला रंगाचा फवारा, कुठं ओघळ, नट आवळल्याची खूण म्हणून रंगाचा ठिपका, तपासनिसानं खडूनं मारलेली फुली. आज हे सगळं परत काढायचं. आधी जुना थर हलक्या हातानं खरवडून फोटो घ्यायचे, मोजमाप टिपायचं आणि ओघळ मूळ होता तिथंच, तेवढाच सोडायचा. कामगाराच्या काही सेकंदांच्या घाईची नक्कल करायला दुपार जाते. ज्या कारखान्यांची ही घाई, त्यांतले कित्येक राहिलेही नाहीत. डॉजचा हॅमट्रॅम्कचा कारखाना १९८० मध्ये बंद पडला, कमॅरोचा नॉरवुडचा १९८७ मध्ये.

एवढा खटाटोप करून गाडी शंभर नंबरी झाली, तरी एका गाडीपुढं ती उणीच: जिचा कुणी जीर्णोद्धारच केला नाही ती. ‘बुलिट’ चित्रपटासाठी दोन हिरव्या मस्टँग घेतल्या होत्या, लागोपाठच्या नंबरांच्या. त्यांतली एक १९७४ मध्ये एका कुटुंबानं घेतली आणि रोजच्या कामाला वापरली. चित्रपटाचा नायक स्टीव्ह मॅक्वीननं १९७७ मध्ये पत्र लिहून ती परत मागितली, दिली नाही. जानेवारी २०२० मध्ये फ्लॉरिडातल्या किसिमीच्या लिलावात ती उभी राहिली ती उडालेल्या रंगानिशी, गंजानिशी आणि कॅमेरा बसवायला तळाला जोडलेल्या नळ्यांसकट. बोली ३४ लाख डॉलरवर थांबली.

अशा न शिवलेल्या गाडीपाशी गर्दी कुठं असते? बोनेटपाशी नाही, जमिनीवर. ओघळ कुठल्या बाजूला गेलाय ते बघायला माणसं बॅटरी आणि कॅमेरा घेऊन तिच्याखाली उताणी पडलेली असतात. गॅरेजात परतलं की त्यांना तो तसाच सोडायचा असतो.