मदत कशी मागावी? सर्व्हर, संताप आणि शिष्टाचार यांचा इतिहास

एखादं सॉफ्टवेअर कुणी लिहिलं आणि ते कसं पसरलं, हा इतिहास आपण नेहमी ऐकतो. ते चालत नव्हतं तेव्हा लोकांनी मदत कशी मागितली, आणि मदतीऐवजी बोलणी का खाल्ली, हा इतिहास मात्र फारसा कुणी सांगत नाही. आज तो सांगतो.

सुरुवात सेंडमेलपासून करू या. बर्कलीच्या कॅलिफोर्निया विद्यापीठात एरिक ऑलमन यांनी लिहिलेला हा ई-मेल पोचवणारा प्रोग्रॅम १९८३ मध्ये बीएसडी युनिक्सबरोबर बाहेर पडला. तेव्हा एकच एक इंटरनेट नव्हतं. वेगवेगळी जाळी होती आणि प्रत्येकाची पत्ता लिहिण्याची तऱ्हा वेगळी. कुठे ॲटचं चिन्ह, कुठे उद्गारचिन्ह, कुठे विसर्गासारखी दोन टिंबं. या सगळ्यांचं एकमेकांत रूपांतर करायचे नियम एका कॉन्फिगरेशन फाईलमध्ये असत. ती फाईल उघडली की वाटायचं, कीबोर्डवरून मांजर चालत गेलंय. आणि गंमत बघा, नियमाच्या डाव्या आणि उजव्या बाजूंमध्ये टॅबच लागे, स्पेस चालत नसे. डोळ्यांना दोन्ही सारखंच दिसतं! माणूस रात्रभर त्या ओळीकडे बघत बसला तरी त्याला चूक दिसणार नाही. १९९३ मध्ये या एका प्रोग्रॅमवर जाडजूड पुस्तक निघालं. त्याच्या मुखपृष्ठावर वटवाघूळ होतं, ते मला फार समर्पक वाटतं.

आता प्रश्न असा की, अडलं तर विचारायचं कुणाला? मोठ्या कंपनीचं मशीन घेतलं की देखभालीचा करार असायचा. फोन करायचा, रागवायचं, माणूस यायचा. इथे विकणाराच नाही. परवान्यात तर स्पष्ट लिहिलेलं असतं की, आहे तसं घ्या, हमी नाही. करार गेला, पण करारामुळे लागलेली रागवायची सवय गेली नाही. माझ्या मते पुढच्या सगळ्या भांडणांचं मूळ इथे आहे.

अपाचेच्या जन्मात हे आणखी स्पष्ट दिसतं. इलिनॉय विद्यापीठातल्या एनसीएसए या केंद्रात रॉब मॅकूल यांनी वेब सर्व्हर लिहिला आणि १९९४ च्या मध्याला ते तिथून बाहेर पडले. काम थंडावलं. मग तो सर्व्हर वापरणारे लोक आपापल्या दुरुस्त्या ई-मेलनं एकमेकांना पाठवू लागले. फेब्रुवारी १९९५ मध्ये त्यातले आठ जण एकत्र आले आणि १ डिसेंबर १९९५ ला अपाचेची १.० आवृत्ती आली. म्हणजे काय, तर विचारणारा आणि सांगणारा एकच होता. ज्याचा सर्व्हर आज पडला, तोच उद्या दुसऱ्याचा उभा करणार. अशा घरात शिष्टाचार लिहून भिंतीवर लावावा लागत नाही.

पण घर लवकरच भरलं. १९९६ च्या एप्रिलपर्यंत अपाचे हा सर्वाधिक वापरला जाणारा वेब सर्व्हर झाला होता. आपल्याकडे सर्वसामान्यांसाठी इंटरनेट आलं ते १५ ऑगस्ट १९९५ ला, विदेश संचार निगमच्या डायल-अपवरून. जगभर रोज नवे लोक येत होते आणि त्यांना घरच्या रीतीभाती ठाऊक नव्हत्या. म्हणून मग त्या लिहिल्या गेल्या. ऑक्टोबर १९९५ मध्ये इंटेलमधल्या सॅली हॅम्ब्रिज यांनी 'आरएफसी १८५५' लिहिलं. त्यात एक सल्ला असा आहे की, काही लिहिण्याआधी एक-दोन महिने नुसतं वाचा. ज्याची साईट आत्ता बंद पडली आहे, त्याला दोन महिने वाचत बसा म्हणायचं!

पुढे १९९९ मध्ये 'पुटी' लिहिणाऱ्या सायमन टॅथम यांनी दोष कसे कळवावेत यावर निबंध लिहिला. त्याचा सूर समजूतदार आहे. काय दिसलं ते सांगा, त्यामागचं कारण आमच्यावर लादू नका, असं ते म्हणतात. आणि २००१ मध्ये आला एरिक रेमंड आणि रिक मोएन यांचा 'हुशारीने प्रश्न कसे विचारावेत' हा प्रसिद्ध लेख. आधी शोधा, आवृत्ती सांगा, चुकीचा संदेश जसाच्या तसा द्या, 'अर्जंट' लिहू नका, आणि उत्तर मिळालं की काय केल्यानं चाललं ते कळवा. यातला एकही सल्ला मला चुकीचा वाटत नाही. पण सूर? न विचार करणाऱ्यांना तिथे सरळ हिणवलं आहे. 'आरटीएफएम', म्हणजे शिवी घालून 'मॅन्युअल वाच', असं उत्तर आलं तर ते निमूट स्वीकारा असंही सांगितलं आहे. पुढे हा लेख लोकांच्या हातात काठीसारखा आला. न वाचताच समोरच्याच्या अंगावर फेकायचा.

मग फुकट मदत करणारे लोक करतात तरी का? करीम लखानी आणि एरिक फॉन हिपेल यांनी नेमकं अपाचेच्या मदतीचंच निरीक्षण केलं आणि २००३ मध्ये निबंध प्रसिद्ध केला. त्यांच्या हिशेबानं मदत करणाऱ्यांच्या श्रमांपैकी ९८ टक्के श्रम त्यांना स्वतःलाच काही शिकवून जातात. ते दुसऱ्यांचे प्रश्न वाचतात ते स्वतःला उपयोगी पडतं म्हणून. वाचताना उत्तर आधीच ठाऊक असलं, तर ते लिहायला काही मिनिटं पुरतात.

हे वाचल्यावर मला त्यांचा राग समजला. 'अपाचे चालत नाही, लवकर सांगा' या प्रश्नात शिकण्यासारखं काहीच नसतं, आणि तो काही मिनिटांत सुटतही नाही. विचारणाऱ्याचं अज्ञान त्यांना खटकत नाही. आपला वेळ आपल्याला न विचारता खर्च केला, हे खटकतं. पण विचारणाऱ्याकडूनही बघा. रात्रीचे दोन वाजलेत, सकाळी साहेब विचारणार आहेत, आणि काय सांगायला हवं हेच त्याला माहीत नाही. ते माहीत असतं तर निम्मा प्रश्न सुटलाच असता.

माझंच सांगतो. एका रात्री अपाचे सुरूच होईना. चिडून लांबलचक प्रश्न लिहायला घेतला. त्यात कॉन्फिगरेशन तपासणाऱ्या 'कॉन्फिगटेस्ट' आज्ञेचं उत्तर द्यायला हवं, म्हणून ती चालवली. तोपर्यंत चालवलीच नव्हती! तिनं ओळीचा क्रमांकच हातात दिला. एका ठिकाणी सुरू केलेला भाग मी बंद केला नव्हता. प्रश्न पाठवावाच लागला नाही. आधीच्या मसुद्यात मी काय काय लिहिलं होतं, ते मात्र सांगत नाही.

अलीकडे सूर बदलतोय. सप्टेंबर २०१८ मध्ये लिनस टॉरवाल्ड्स यांनी आपल्या तिखट ई-मेलबद्दल जाहीर माफी मागितली आणि लिनक्स कर्नलला नवी आचारसंहिता मिळाली. ती मुख्यतः लिहिणाऱ्यांपुरती. मदत मागणाऱ्यांचं काय, हा प्रश्न अजून चालूच आहे.

रेमंड आणि मोएन यांचं पुढे काय झालं? अनेक प्रकल्पांनी मदतीच्या पानावर त्यांच्या लेखाचा दुवा दिला. लोक दुव्यावर जात, आणि मग आपल्या अडचणी या दोघांनाच पाठवत. शेवटी त्यांना लेखाच्या वरच्या भागात सूचना टाकावी लागली की, आम्ही तुमच्या प्रकल्पाचं मदत केंद्र नाही.

वेळ झाली आहे. आता तुमचे प्रश्न घेऊ.